वीज कोणाच्या दारी?
काँगो नदीवरील इंगा प्रकल्पाच्या निमित्ताने

जून २०२५ च्या आरंभी जागतिक बँकेने आफ्रिकेतील काँगो नदीवरच्या 'इंगा-३' या नियोजित जलविद्युत प्रकल्पाच्या पूर्वतयारीसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. एक अब्ज डॉलरच्या कार्यक्रमाचा हा पहिला टप्पा आहे. ज्या देशात पाच घरांपैकी सुमारे चार घरांत विजेचा दिवा नाही, त्या देशात इतक्या मोठ्या जलविद्युत केंद्राची तयारी सुरू व्हावी, ही वार्ता ऐकून कोणाही सहृदय माणसाला आनंदच होईल. परंतु याच नदीवर, याच ठिकाणी, यापूर्वी दोनदा असाच आनंद साजरा झाला होता आणि दोन्ही वेळा दिवे भलतीकडेच लागले. म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारणे भाग आहे : एखादा प्रकल्प 'व्यवहार्य' आहे असे जेव्हा तज्ज्ञ सांगतात, तेव्हा तो कोणाच्या दृष्टीने व्यवहार्य असतो?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ऊर्जादारिद्र्याने ग्रासलेल्या प्रदेशात जलविद्युत केंद्राच्या व्यवहार्यतेची पहिली कसोटी त्या प्रदेशातील अंधारी घरे हीच असली पाहिजे. नदीत पाणी किती, उतार किती, भांडवल किती, कर्जाची परतफेड किती वर्षांत, हे प्रश्न आवश्यक आहेत. परंतु ते दुसऱ्या पंगतीचे प्रश्न आहेत. आज लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत हा क्रम उलटा असतो. पहिल्या पंगतीला यंत्र आणि पैसा बसतो. उरलेसुरले वाढण्यासाठी शेवटी गरिबाला हाक मारली जाते, आणि तोवर भांडी रिकामी झालेली असतात.

निसर्गाचे देणे

इंगाची थोरवी नाकारण्याचे काहीच कारण नाही. पाण्याच्या प्रवाहात काँगो नदीचा क्रमांक ॲमेझॉनच्या खालोखाल लागतो. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. त्यामुळे एका बाजूचा पावसाळा ओसरतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा भरात येतो, आणि नदी बारमाही जवळजवळ सारख्याच जोराने वाहत राहते. आपल्या सह्याद्रीतील नद्या आषाढात गर्जतात आणि वैशाखात दगडगोट्यांचे पात्र उघडे टाकून निजतात. काँगोचे तसे नाही. राजधानी किन्शासाच्या खाली सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, इंगा येथे, ही नदी एक मोठे वळण घेते आणि अवघ्या पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतरात सुमारे ९६ मीटर खाली उतरते. सेकंदाला सरासरी ४१ हजार घनमीटर पाणी आणि ९६ मीटरचा उतार, एवढ्या दोन आकड्यांवरून विज्ञान शिकणारा विद्यार्थीही गुणाकार करून सांगेल की तेथे सुमारे ३८ हजार मेगावॉट शक्ती रात्रंदिवस वाहून जात आहे. धरण बांधून पाण्याची उंची वाढवली की हा आकडा चाळीस हजारांच्या पुढे जातो. चीनमधील थ्री गॉर्जेस या जगातील सर्वांत मोठ्या केंद्राची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे. 'ग्रँड इंगा'चे स्वप्न पूर्ण झाले, तर ते त्याच्या जवळजवळ दुप्पट होईल.

अशा जागेचा अभियंत्यांना मोह पडला तर त्यात नवल नाही. 'पाणी फुकट समुद्राला जाते' हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक धरणाच्या आरंभी उच्चारले गेले आहे. परंतु नदीतून शक्ती काढता येते हे सिद्ध झाले म्हणून ती शक्ती अंधारात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचेल हे सिद्ध होत नाही. या दोन विधानांच्या मध्ये फार मोठी दरी आहे. इंगाचा इतिहास म्हणजे त्या दरीचा इतिहास होय.

तारेखालची गावे

पहिले केंद्र, इंगा-१, १९७२ मध्ये सुरू झाले. क्षमता ३५१ मेगावॉट. दुसरे, इंगा-२, १९८२ मध्ये. क्षमता १,४२४ मेगावॉट. त्या काळी देशाचे नाव झैरे होते आणि सत्ता मोबुटूच्या हाती होती. ही वीज कोठे न्यायची? इंगा देशाच्या पश्चिम टोकाला आहे आणि तांब्याच्या खाणी आग्नेय टोकाला, कटांगा प्रांतात. मोबुटूने त्या प्रांताचे नाव शाबा ठेवले होते. १९६० ते १९६३ या काळात हा प्रांत देशातून फुटून निघाला होता. त्याच्या खाणींची वीज राजधानीच्या बाजूने गेली, तर बटणही राजधानीच्या हाती राहील, हा हिशेब त्यामागे होता असे अनेक अभ्यासक मानतात. इंगापासून कोल्वेझीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गापेक्षाही लांब, अतिउच्च दाबाची विद्युतवाहिनी उभारण्यात आली. ती १९८२ मध्ये पूर्ण झाली. त्या काळातील जगातील सर्वांत लांब वाहिन्यांमध्ये तिची गणना होत असे.

या वाहिनीतील एक बारकावा वाचकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावा. तिच्यातून एकदिश प्रवाह वाहतो. फार लांबच्या पल्ल्यासाठी ही पद्धत सोयीची, कारण वाटेत वीज कमी वाया जाते. परंतु असा प्रवाह मध्येच कोठे उतरवून घ्यायचा झाला, तर तेथे त्याचे रूपांतर करणारे स्वतंत्र केंद्र उभारावे लागते आणि त्याचा खर्च प्रचंड असतो. साध्या भाषेत सांगायचे तर ही वाटेत एकही स्टेशन नसलेली रेल्वे होती. शेकडो गावांच्या डोक्यावरून तार गेली. गावांना मिळाले ते पोलादी मनोरे आणि त्यांची सावली. रात्री त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी बाया लाकडे आणि कोळसा पेटवून स्वयंपाक करीत राहिल्या. येथे श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजरस यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या दाखल्यातील श्रीमंताने लाजरसाला मारले नव्हते, हाकलूनही दिले नव्हते. त्याने फक्त आपल्या भोजनाच्या बेतात त्याला धरले नव्हते. विद्युतवाहिनीच्या आराखड्यातही गावांना कोणी बुद्धिपुरस्सर वगळले असेल असे नाही. त्यांना कोणी बेतात धरलेच नव्हते, इतकेच.

कर्ज मात्र साऱ्या देशाच्या माथी बसले. झैरेवरील परकीय कर्जाच्या डोंगरात इंगा आणि ही वाहिनी यांचा वाटा फार मोठा होता. पुढे सुटे भाग मिळेनात, कालव्यात गाळ साचला, देखभालीला पैसा उरला नाही. आणि कित्येक वर्षे ही दोन्ही केंद्रे निम्म्या क्षमतेच्या आसपास रेंगाळत राहिली. ज्यांच्या भूमीवर ती उभी राहिली, त्या कुळांचे वंशज अनेक दशके नुकसानभरपाई मागत आले आहेत. त्यांपैकी काही कुटुंबे बांधकामाच्या मजुरांसाठी उभारलेल्या जुन्या छावणीत राहत आली, धरणाच्या कुशीत आणि तरीही वंचित.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे सारे व्यवहार्य ठरलेले होते. यंत्रे फिरली, खाणी चालल्या. प्रकल्प सफल झाला आणि देश अंधारात राहिला.

'गरज' आणि 'मागणी'

हे कसे घडते? कोणी दुष्ट बुद्धीने ते घडवून आणतो असे मानण्याचे कारण नाही. व्यवहार्यता-अहवालाच्या व्याकरणातच ते दडलेले असते.

अशा अहवालात एक प्रकरण 'विजेच्या मागणी'चे असते. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे पैसे मोजण्याची ऐपत ज्यामागे उभी आहे अशी गरज. तांब्याच्या खाणीला अमुक मेगावॉट वीज हवी आणि ती वीस-पंचवीस वर्षांच्या करारावर सही करायला तयार आहे; ही झाली मागणी. त्या करारावर बँक कर्ज देते. खेड्यातील प्रसूतिगृहात रात्री बाळंतपण करणाऱ्या सिस्टरला दिवा हवा, लसी ठेवण्याच्या शीतपेटीला वीज हवी. ही झाली गरज. तिच्याकडे करार नाही आणि पतही नाही. म्हणून ती मागणीच्या तक्त्यात येत नाही आणि तक्त्यात आली नाही म्हणून तिच्यासाठी तार ओढली जात नाही. तार नाही म्हणून पुढच्या अहवालातही तेथील मागणी शून्यच दिसते. दारिद्र्य हेच दारिद्र्याचे कारण बनते आणि त्यावर तज्ज्ञांची मोहोर उठते.

विशेष असे की हा गरीब ऊर्जेसाठी पैसे मोजत नाही असे मुळीच नाही. मेणबत्ती, रॉकेल, टॉर्चचे सेल आणि सर्वांत मुख्य म्हणजे कोळसा यांवर तो उत्पन्नाचा मोठा वाटा खर्च करतो. काँगोत या लाकडी कोळशाला 'मकाला' म्हणतात. किन्शासासारख्या दीड कोटीहून अधिक वस्तीच्या शहराच्या चुली प्रामुख्याने त्यावर पेटतात आणि शहराभोवतीचे वन दरवर्षी मागे सरकते. ऊर्जादारिद्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिवा येतो. खरे तर आधी चूल आली पाहिजे. ज्या अहवालात चुलीचा उल्लेख नाही, त्याने त्या देशाच्या ऊर्जेचा अभ्यास केला असे कसे म्हणावे?

आता इंगा-३ चा हिशेब पाहा. २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी करार झाला. नियोजित क्षमता होती ४,८०० मेगावॉट. त्यांतील २,५०० मेगावॉट दक्षिण आफ्रिकेला, १,३०० मेगावॉट कटांगाच्या खाणींना आणि उरलेले १,००० मेगावॉट सरकारी वीजमंडळामार्फत देशातील जनतेला. हे हजार मेगावॉट आजच्या दहा कोटींहून अधिक लोकसंख्येत वाटले, तर माणशी पुरते दहा वॉटही येत नाहीत. एका लहान एलईडी दिव्याइतके. शिवाय तो दिवा लावायला घरापर्यंत तार हवी आणि तिच्या खर्चाची तरतूद धरणाच्या अंदाजपत्रकात नसते.

पुढची कथाही याच वळणाने जाते. जागतिक बँकेने २०१४ मध्ये पूर्वतयारीसाठी सुमारे ७.३ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि प्रकल्पाच्या दिशेविषयी काँगो सरकारशी मतभेद झाल्यावर २०१६ मध्ये ते थांबवले. २०१८ मध्ये चिनी आणि स्पॅनिश कंपन्यांच्या गटांशी सुमारे ११ हजार मेगावॉटच्या वाढीव आराखड्याचा करार झाला. नंतर प्रमुख स्पॅनिश कंपनी बाहेर पडली. २०२१ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने इंगाच्या विजेवर हरित हायड्रोजन तयार करून निर्यात करण्याची योजना पुढे आणली. दर दोन-तीन वर्षांनी ग्राहक बदलले, आकडे फुगले. ज्याचे नाव एकाही आराखड्यात पहिल्या क्रमांकावर आले नाही, असा एकच ग्राहक आहे : काँगोचा नागरिक.

बुरुजाचा खर्च

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू विचारतो की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेणार नाही काय? धरणे बांधणाऱ्यांना हा अंदाज साधत नाही, याचा पुरावा आता आकड्यांत उपलब्ध आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९३४ ते २००७ या काळातील २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला : प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी अधिक आणि कालावधी सरासरी ४४ टक्क्यांनी अधिक. म्हणजे शंभर रुपयांचे धरण जवळजवळ दोनशे रुपयांना पडते. बांधकाम लांबले की व्याज चढते आणि व्याज चढले की विजेचा दर चढतो. मग ती वीज कोण घेणार? ज्याला परवडेल तोच. अशा रीतीने खर्चाची प्रत्येक वाढ गरिबाला रांगेत आणखी मागे ढकलते. श्रीमंत देशाला असा अंदाज चुकणे म्हणजे डोकेदुखी. दरिद्री देशाला ते पिढीभराचे कर्ज.

आणखी एक गोष्ट अहवालांच्या झगमगाटात हरवते. वीज निर्माण करणे आणि वीज पोहोचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्या कामाचे उद्घाटन राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते होते. दुसऱ्या कामात खांब, रोहित्रे, मीटर, वायरमन आणि प्रामाणिक वसुली एवढेच असते. त्याची फीत कोणी कापत नाही. आपल्या देशातही गावातील दहा टक्के घरांना आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागांना वीज मिळाली की सरकारी व्याख्येनुसार ते गाव विद्युतीकृत ठरत असे. कागदावर गाव उजळले आणि नव्वद घरे अंधारात, असे घडायला या व्याख्येने वाव ठेवला होता. मोजमाप जसे ठरवाल, तसे सत्य दिसते.

तीन आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जातील. त्यांना टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा : मोठा ग्राहक नसेल तर कर्ज मिळणार नाही, कर्ज नसेल तर केंद्र नाही. आधी खाणींना वीज द्या. त्यांच्या पैशातून उद्या गावे उजळतील. या युक्तिवादात तथ्य आहे हे मी मान्य करतो. खाणींना वीज देऊच नये असे कोणी म्हणत नाही. परंतु 'उद्या'ची मुदत किती, हे करारात लिहिलेले असावे एवढी तरी अपेक्षा चुकीची नव्हे. इंगा-१ ला पन्नास वर्षे उलटून गेली. या अर्धशतकात 'उद्या' उजाडला नाही. खाणींकडून येणाऱ्या महसुलाचा ठरावीक हिस्सा ग्रामीण वाहिन्यांसाठी कायद्याने राखून ठेवला नसेल, तर हा युक्तिवाद केवळ आश्वासन ठरतो; आणि आश्वासनावर दिवा लागत नाही.

दुसरा आक्षेप : लहान केंद्रे ही हौशी माणसांची खेळणी आहेत. त्यावर दोन उदाहरणे देतो. पूर्व काँगोतील विरुंगा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २०१५ मध्ये मातेबे येथे १३.६ मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. वनक्षेत्राभोवतीच्या लोकांना वीज मिळाली, तर कोळशासाठी होणारी जंगलतोड आणि सशस्त्र टोळ्यांचे उत्पन्न दोन्ही घटतील, हा त्यामागचा विचार. तेथे तार आधी कोणाकडे जाणार हे आरंभीच ठरले होते. दुसरे उदाहरण शेजारच्या टांझानियातील. चिपोले येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी रुवुमा नदीवर तुलिला येथे ५ मेगावॉटचे केंद्र उभारले आणि २०१५ पासून त्याची वीज सरकारी वीजमंडळाला विकली जाऊ लागली. साँगेआ आणि आसपासचा तो प्रदेश तोवर राष्ट्रीय जाळ्यापासून तुटलेला आणि डिझेलच्या जनित्रांवर विसंबलेला होता. व्रतस्थ भगिनींना जे जमले, त्याला खेळणे म्हणण्याचा अधिकार निदान त्यांना नाही, ज्यांची मोठी धरणे निम्म्या क्षमतेने चालतात.

तरीही लहान केंद्र हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. पूर्व काँगोतील लढायांत तारा तुटल्या आणि दिवे विझले. शांततेशिवाय कोणतीच वीज टिकत नाही. किन्शासासारखे महानगर ओढ्यानाल्यांवर उजळणार नाही. त्याला इंगाच हवे. म्हणूनच प्रश्न लहान की मोठे हा नसून 'आधी कोणासाठी' हा आहे.

तिसरा आक्षेप आपल्यावरच आहे आणि तो सर्वांत टोकदार आहे : तुम्ही पंख्याखाली बसून आफ्रिकेला उपदेश करता, तुमची मुंबई कशावर वाढली? प्रश्न रास्त आहे. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. तरी धरण झालेच. कोयनेची वीज १९६० च्या दशकात महाराष्ट्राच्या कारखान्यांना मिळू लागली. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न मात्र पुढे अनेक दशके रेंगाळले. आपल्या घरांतील दिव्यांची किंमत दुसऱ्यांनी चुकवली आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष कोणता? आपण गप्प बसावे हा, की जी किंमत आपल्याकडे हिशेबात धरली गेली नाही, ती निदान काँगोत तरी धरली जावी हा? मला दुसरा निष्कर्ष अधिक ख्रिस्ती वाटतो आणि अधिक मराठीही.

मणिबेलीचा वारसा

अधिक मराठी असे म्हणण्याला कारण आहे. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याने प्रथम ग्रासलेल्या गावांपैकी एक. मोर्स समितीच्या १९९२ मधील परखड अहवालानंतर १९९३ मध्ये जागतिक बँकेचे साहाय्य त्या धरणातून संपुष्टात आले. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, जगभरातील संघटनांनी बँकेच्या धरणविषयक धोरणाविरुद्ध जाहीरनामा काढला आणि त्याला याच आदिवासी गावाचे नाव दिले. अशा प्रयत्नांतून पुढे जागतिक धरण आयोग स्थापन झाला. दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल त्याचे अध्यक्ष होते आणि मेधा पाटकर त्याच्या सदस्य. नोव्हेंबर २००० मध्ये लंडन येथे नेल्सन मंडेला यांच्या उपस्थितीत आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मोठ्या धरणांनी जगात चार ते आठ कोटी माणसे विस्थापित झाली, असा अंदाज त्यात होता. भारत सरकारने त्या अहवालातील मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरीही त्यातील क्रम आजही मला शहाणपणाचा वाटतो : आधी लोकांची गरज आणि संमती, मग सर्व पर्यायांची तुलना, मग जुन्या धरणांची दुरुस्ती, आणि त्यानंतर नवे धरण.

हा क्रम इंगाला लावून पाहावा. पहिला प्रश्न : देशातील कोणत्या वस्त्यांत, कोणत्या कामासाठी, किती वीज हवी, याची मोजणी झाली आहे काय, आणि त्यात चूल, दवाखाना, पिठाची गिरणी आणि शाळा आहेत काय? दुसरा प्रश्न : जी १,७७५ मेगावॉटची क्षमता आधीच उभी आहे, ती पूर्ण वापरात आणायला किती खर्च येईल? जुने यंत्र दुरुस्त करणे हे नवे धरण बांधण्यापेक्षा बहुधा स्वस्त आणि लवकर होणारे काम असते. तिसरा प्रश्न : तीच रक्कम लहान जलकेंद्रे आणि सौरऊर्जा यांत घातली, तर अधिक घरांपर्यंत पोहोचेल काय? चौथा प्रश्न : विस्थापित कुळांचा जुना हिशेब चुकता झाला काय? आणि पाचवा : नव्या केंद्राच्या प्रत्येक मेगावॉटबरोबर किती घरांना जोडणी मिळणार, हे करारात आकड्याने लिहिले आहे काय? या पाचांची उत्तरे आल्यावरच उतार आणि प्रवाह मोजणाऱ्यांनी आपल्या वह्या उघडाव्यात.

जागतिक बँकेने या वेळी पहिल्या टप्प्यात इंगा परिसरातील लोकांच्या सोयी आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर भर दिला आहे. तिचे श्रेय तिला द्यावे. परंतु शाळा आणि दवाखान्यांची भेट देऊन धरणाची संमती मिळवणे ही जुनी रीत आहे. भेट आणि हक्क यांत भेद आहे. भेट उद्घाटनानंतर विसरली जाते. हक्क न्यायालयात मागता येतो.

आपला संबंध

वाचक विचारतील की काँगोच्या धरणाशी आमच्या धर्मग्रामाचा संबंध काय? एक संबंध आपल्या खिशातच आहे. मोबाईलच्या बॅटरीत लागणारे कोबाल्ट जगात निम्म्याहून बरेच अधिक एकट्या काँगोतून येते, आणि त्याचे मोठे केंद्र म्हणजे कोल्वेझी. इंगाची ती लांब तार जेथे जाऊन संपते तेच गाव. म्हणजे तारेच्या त्या टोकाला, फार दूरवर का होईना, आपणही उभे आहोत. दुसरा संबंध कुटुंबाचा. आफ्रिकेतील सर्वाधिक कॅथलिक याच देशात राहतात आणि तेथील शाळा व दवाखाने यांचा फार मोठा भार ख्रिस्तसभाच वाहते. २०२३ मध्ये किन्शासाला गेलेल्या पोप फ्रान्सिस यांनी आफ्रिकेला ओरबाडण्याची खाण समजू नका, असे जगाला स्पष्ट बजावले होते. ही ताकीद खनिजांपुरती नाही. नदीही ओरबाडता येते. तिचे पाणी जागेवरच राहते आणि तिची शक्ती तेवढी तारेवरून परक्याच्या दारी जाते.

सृष्टीची संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. या शिकवणीला अभियांत्रिकीच्या भाषेत उतरवायचे, तर तिचा अर्थ एवढाच होतो की नदीकाठच्या माणसाला नदीच्या विजेवर पहिला हक्क आहे. हे तत्त्व अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी इंगाकडे पाहावे. पन्नास वर्षे 'व्यवहार्य' अहवालांवर चाललेला तो देश आजही चुलीत कोळसा फुंकतो आहे.

इंगा-३ बांधावे की नाही, हे काँगोच्या जनतेने ठरवायचे आहे. आपण इतके मात्र करू शकतो, की अशा प्रकल्पाची बातमी वाचताना, मग तो काँगोतला असो, अरुणाचलातला असो वा सह्याद्रीतला, मेगावॉटच्या आकड्यावर न थांबता पुढची ओळ शोधावी : किती घरे, कोणाची आणि कधीपर्यंत? ती ओळ अहवालात नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे असे निःशंकपणे म्हणावे. नदीची शक्ती मोजण्यात माणूस आता निष्णात झाला आहे. अंधारात बसलेल्या शेजाऱ्याची गरज त्याच काटेकोरपणे मोजायला त्याने अजून सुरुवात करायची आहे.